विमानाच्या माळावरचे कावळे

श्राद्धाच्या पिंडाभोवती जत्रा भरलेली साधनाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. इगतपुरीच्या पलीकडच्या त्या उघड्या माळावर सकाळीच नारळवाले आले होते, चहाची टपरी लागली होती, आणि केरू नावाचा एक इसम ‘विमानाच्या मातीच्या’ पुड्या विकत फिरत होता. मधोमध दगडी ओटा, ओट्यावर पिंड, आणि पिंडामागे छातीइतक्या उंचीचा एक पत्रा उभा केलेला. मागच्या पौषात या माळावर आपटलेल्या प्रवासी विमानाचा तो तुकडा. त्याच्या गळ्यात म्हणावं तर गळा नव्हता, पण हार होता. खाली कुंकवाचा सडा होता आणि बाकीचा पत्रा घासूनपुसून असा लख्ख केला होता की त्यात पाहून भांग पाडावा.

ओट्यासमोर नामपूरचे धोंडीराम आणि त्यांची बायको कुसाबाई हात जोडून उभे होते. त्यांचा जावई त्या विमानात गेला होता. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते, काव काव करत होते, एखादा झेपावायचा आणि पिंडाजवळ येताच बिचकून माघारी फिरायचा.

“आत्मा अडकलाय,” सावळीराम महाराजांनी डोळे मिटून सांगितलं. “इंजिन चालू हाय, पट्टा बांधलेला हाय, रनवेवर उभा हाय तो. पण वरच्या टॉवरची परवानगी मिळंना. टेकऑफ होईना त्याचं.”

“त्यानी काय इच्छा शे, महाराज?” धोंडीरामांनी विचारलं.

“पोरीचं दुसरं लगीन ठरवताय ना तुम्ही? ते त्याला सहन व्हईना. मोडा म्हणतोय.”

कुसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पोर तेवीस वर्षांची होती. धोंडीराम मान खाली घालून म्हणाले, “मोडतो.”

“पत्रा शांत करा,” महाराज गरजले. त्यांचा चेला दत्तू पुढे झाला आणि त्याने पत्र्यावर भगवी शाल पांघरली. थोड्याच वेळात एक कावळा उतरला, दोन घास खाऊन उडाला. गर्दीतून हुंदके निघाले, जयजयकार झाला, आणि एका पोरीचा दुसरा संसार सुरू व्हायच्या आधीच संपला.

साधना गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा धाकटा भाऊ कुंदन त्या विमानात प्रवाशांची सरबराई करायच्या नोकरीवर होता. घरी परत आली ती एक बंद पेटी, आणि ती उघडू नका असं सांगितलं होतं. त्या पेटीला उचलताना ती किती हलकी आहे हे ज्यांनी खांदा दिला त्यांना कळलं, पण कुणी बोललं नाही. असं मरण पदरात पडलं की माणसं काहीही ऐकायला तयार होतात, आणि ऐकवणारेही लगेच हजर होतात.

माळाच्या भुताच्या गोष्टी अशाच वाढल्या. अपघातानंतर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस वस्तीवर पाणी मागायला आला होता. तो चौकशीला आलेला अधिकारी होता आणि त्याची गाडी खाली रस्त्यावर उभी होती. पण महिन्याभरात त्याचा पायलट झाला, मग त्याचे पाय उलटे झाले, मग पाणी त्याच्या छातीतून गळायला लागलं. कुणाला माळावर ‘सीट बेल्ट बांधा’ असं ऐकू आलं. ही भुतं गुराख्यांशीही इंग्रजीतच बोलत आणि गुराख्यांना ते सगळं समजत असे. ज्यांच्या घरचं कुणी गेलं होतं ते या गोष्टी ऐकून रात्र रात्र रडत, आणि ज्यांचं कुणी गेलं नव्हतं ते मोबाइलवर पुढे पाठवत.

सावळीराम आधी पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून फिरायचा, नारळ उभा राहिला की इथे बोअर घ्या म्हणायचा. निम्म्या बोअरना नुसती धूळ लागली आणि लोक दगड घेऊन मागे लागले. मग हा पत्रा त्याच्या हाती आला. अवशेष गोळा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला, की मुद्दाम सोडलेला, देव जाणे. पाणी दाखवणारा आता मेलेल्यांच्या इच्छा दाखवू लागला. त्यात एक सोय होती. बोअर कोरडी निघाली तर दिसते, इच्छा कोरडी निघाली तर कुणाला दिसणार?

“आता नवसाबाईंचं पान मांडा,” दत्तूने पुकारा केला. साधनाची आई उठली.

नवसाबाई आणि कोंडाजी नाशकाच्या कडेला भाजीपाला आणि झेंडू पिकवायचे. कुंदनच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नाही. वाट पाहून पाहून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. तो दर्भाचा कावळा नवसाबाईंच्या मनात वर्षभर टोचत होता. त्यात कुणीतरी या माळाचा पत्ता दिला. मागच्या खेपेला महाराजांनी पत्र्याला कान लावून कुंदनची इच्छा सांगितली होती. त्याची लेक आरोही, वय वर्षं आठ, तिला महाराजांच्या मठाच्या सेवेला द्यायची. मठात अशा आणखीही मुली होत्या म्हणे. आठ वर्षांची मुलगी मठाला कशाला लागते, हे एवढ्या गर्दीत एकानेही विचारलं नव्हतं.

साधना आठवडाभर भांडली होती. आई म्हणाली, “तुझ्या पुस्तकात माझा कुंदन नाय.” वडील उठून रानात निघून गेले. आणि कुंदनची बायको सुवर्णा, जिने सगळ्यात आधी नाही म्हणायला हवं होतं, ती म्हणाली, “त्यांची इच्छा असेल तर मी कोण?” का म्हणाली, ते साधनाला ठाऊक होतं. आरोहीच्या वाढदिवसाला घरी यावं म्हणून सुवर्णानेच कुंदनला ड्यूटी बदलून घ्यायला लावली होती. बदलून मिळालेलं विमान हेच. आपण नवऱ्याला मारलं, असं ती धरून बसली होती, आणि शिक्षा म्हणून पोर द्यायला निघाली होती.

साधनाने मनाशी ठरवलं होतं की आरोहीला मठाच्या जीपमध्ये चढू द्यायचं नाही, मग तमाशा झाला तरी चालेल. पण पोर ओढून नेली तरी घरातल्या दोघी जन्मभर मानणार की कुंदन आपल्यामुळे तळमळतोय. त्याला काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

पिंड मांडले. दत्तूने शाल काढली आणि पत्र्याचा पाया जरासा उंबराकडे वळवला. कावळा झेपावला, बिचकला, परतला. दुसरा आला, तोही परतला.

“बघा,” महाराज म्हणाले. “पोरगा म्हणतोय, आई, बोर्डिंग पास दे. पोर दिल्याशिवाय माझं उड्डाण नाय.”

नवसाबाई रडायला लागल्या. सुवर्णाने आरोहीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला पुढे आणलं. पोर दोन पावलं चालली आणि हाताने डोळे झाकून मागे सरली.

“चल बाळा,” सुवर्णा म्हणाली.

“डोळ्यांवर येतंय गं आई.”

“काय येतंय?” साधनाने विचारलं.

“ते ऊन. पत्र्याचं. इथं उभं राहिलं की येतंय, तिथं नाही येत.”

साधना पोरीच्या जागी जाऊन उभी राहिली. डोळ्यांत लखकन तिरीप शिरली. माळावर वारा होता, पत्रा थरथरत होता, आणि तिरीप पिंडावरून, उंबराच्या फांद्यांवरून नाचत होती. कावळा त्यातून यायला निघाला की त्याच्या डोळ्यांवर ती बसायची. आणि साधनाला आपलं रान आठवलं. भुईमुगाचे कोंब वर आले की कावळे उपटून खातात, म्हणून वडील दरवर्षी वाफ्यांवर चमकी पट्टी ताणतात. वारा आला की ती लखलखते, फडफडते, आणि पाखरू फिरकत नाही. लहानपणी पट्टीचं दुसरं टोक धरून तीच उभी राहायची. नाशकात भाजी पिकवणारं असं एक घर नसेल जिथे ही पट्टी नाही. इथे जमलेल्यांत निम्मे शेतकरी होते. सगळ्यांच्या रानात ती होती, पण तिलाच हार घातल्यावर एकालाही ओळखता आली नाही. तिला स्वतःलाही नाही. तिला आधी स्वतःची लाज वाटली आणि मग भयंकर संताप आला.

तिने अंगावरची तपकिरी शाल काढली, सरळ ओट्यावर चढली आणि पत्र्यावर टाकली.

“ए बाई, पाप लागंल,” दत्तू ओरडला.

“कुणी बोलू नका,” साधना म्हणाली. “पोर दिलेली नाही. कुणी शब्द दिलेला नाही. सगळे लांब व्हा आणि कावळ्याकडे बघा.”

महाराज काहीतरी पुटपुटत पुढे आले, पण तेवढ्यात उंबरावरून कावळा उतरला. ओट्याच्या कडेला बसला, मान वाकडी केली, आणि भाताच्या गोळ्यावर तुटून पडला. मागोमाग दुसरा आला. माळावर कुणी जयजयकार केला नाही. कशाचा करायचा ते कुणाला सुचेना.

“आत्म्यानं आज दया केली,” सावळीराम म्हणाला. “पोरीचा नवस मनातल्या मनात पोचला त्याला.”

तेव्हा गर्दीतून कोंडाजी उठले. वर्षभर न बोललेला माणूस. ते ओट्याजवळ गेले आणि पत्र्यावरची शाल त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला केली. कावळे भर्रकन उडाले. त्यांनी शाल परत टाकली, दहा पावलं मागे येऊन उभे राहिले. कावळे उतरले. पुन्हा काढली, पुन्हा उडाले.

“दया लय चपळ हाय तुमची,” कोंडाजी म्हणाले. “शालीबरोबर येती न् जाती.”

“विश्वास नसला की असंच दिसतं, बाबा.”

“दिसतंय ते दिसतंय. माझ्या रानात ही पट्टी मी बांधतो. ह्या हातांनी. पाखरानं दाणा खाऊ नाय म्हणून.” त्यांनी पत्र्याकडे बोट केलं. “आन् तीच माझ्या पोराच्या पिंडामागं लावलीय ह्यानं, आन् मी हात जोडून उभा.”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. साधना वळली. “पावसाळ्याचे चार महिने महाराजांचं मौन असतं ना? ढगाळ दिवशी आत्मे येत नाहीत, सूर्य साक्षीला लागतो, असंच सांगतात ना हे? ऊन नाही तर चमक नाही, आणि चमक नाही तर कावळा न विचारता खाणार. इगतपुरीच्या पावसात यांचं दुकान कसं चालणार? आणि शब्द मिळाला की दत्तू शाल टाकतो. एवढीच सगळी करामत. एक भांड्यासारखा घासलेला पत्रा आणि एक शाल.”

“बाईनं अपशकुन केला,” मागून एकजण म्हणाला. दोघातिघांनी माना डोलावल्या. चमत्कार डोळ्यांदेखत मोडला तरी त्याला ठिगळ लावणारे निघतातच, आणि त्या क्षणी साधनाला सावळीरामापेक्षा त्यांचीच जास्त किळस आली. पण मागे धोंडीराम उभे होते. ते दत्तूपाशी गेले आणि त्याच्या हातातली भगवी शाल घेऊन उलटसुलट करून पाहू लागले. कुसाबाई म्हणाल्या, “घरी फोन लावा आधी. पोरीला सांगा, लगीन व्हईल.” सावळीराम तोवर जीपपाशी पोचला होता.

नवसाबाई मात्र पिंडासमोर बसूनच होत्या. “मग साधने, माझ्या कुंदनला काहीच नको होतं?”

“काही नको होतं, आई. तो गेला. गेलेलं माणूस काही मागत नाही. जे मागतात ते जिवंत असतात, आणि आपल्यासमोर उभे असतात.”

सुवर्णा खाली मान घालून म्हणाली, “ताई, ड्यूटी मी बदलायला लावली.”

“लावलीस. लेकीच्या वाढदिवसाला बाप घरी असावा असं तुला वाटलं. त्यामुळे विमान पडत नाही. आणि पोर देऊन ते उठतही नाही.” साधना हे बोलताना स्वतःच रडत होती आणि तिने ते लपवलं नाही. सुवर्णाने आरोहीला जवळ ओढलं आणि इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.

त्याच दिवशी कोंडाजींनी आणि धोंडीरामांनी मिळून जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पोलिसांनी पत्रा नेला आणि मठातल्या मुलींना बाहेर काढून त्यांच्या आईबापांना बोलावणं धाडलं. काही आईबाप मुलींना परत न्यायला आले तेव्हाही विचारत होते की याने आत्मा रागवणार तर नाही. आणि पत्रा जिथे उभा होता तिथे कुणीतरी अजूनही नारळ ठेवून जातं.

त्यांना सांगायचं ते एवढंच. कावळ्याला भूक लागते आणि भीती वाटते, याहून त्याच्या डोक्यात तुमच्या घरातलं काही नसतं. मेलेल्याच्या नावाने कुणी काही मागायला आलं, तर ते नेमकं कुणाच्या घरात जाऊन पडणार आहे ते आधी बघा. आणि जे आपल्या रानात ओळखता येतं, ते देवळाच्या ओट्यावरही ओळखायची लाज बाळगू नका. दुःख झालं म्हणून डोळे मिटायचे नसतात, त्याच वेळी ते उघडे लागतात.

महिन्याभराने कोंडाजी रानात चमकी पट्टी ताणत होते. दुसरं टोक आरोहीने धरलं होतं. बांधावरून शेजारची भागीबाई जाता जाता थांबली आणि तिने नवसाबाईंना हळूच विचारलं, “माळावर गेला व्हता म्हणं. काय सांगितलं कुंदननं?”

नवसाबाई निंदणी करता करता थांबल्या. त्यांनी नातीकडे पाहिलं.

“कुंदन नाय बोलला काय,” त्या म्हणाल्या. “कावळ्याला भूक व्हती, त्यानं खाल्लं. आन् पोर आमची घरी हाय.”