पाठ पुढे, धार मागे

मित्रांनो, दाढी गुळगुळीत झाली की लोक वस्तऱ्याचं तोंड भरून कौतुक करतात. त्याच्या शेजारी खिळ्याला लटकलेल्या मला मात्र कुणी विचारत नाही. मी चामड्याचा जुना पट्टा. हातभर लांब, चार बोटं रुंद, आणि स्पष्टच सांगतो, जरा तापट. वस्तऱ्याची धार मी राखतो. मी नसेन तर ते पोलाद चार दाढ्यांत बोथट होऊन बसेल.

एका कारागिराने मला कापलं, चरबी चोळून मऊ केलं आणि या दुकानात खुर्चीशेजारी आणून टांगलं. दुकानाच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणत. प्रत्येक दाढीआधी ते मला डाव्या हाताने ताणून धरत आणि वस्तरा माझ्यावरून तीस वेळा फिरवत. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर, म्हणजे बोथट बाजूवर, उलटवायचा, धारेवर कधीच नाही. धारेवर उलटवला तर मी कापला जातो आणि धारही मरते.

बाकीचं काम खुर्चीत. आधी गरम पाण्याचा टॉवेल, म्हणजे केस नरम पडतात. मग दाट फेस, आणि तो मुरेपर्यंत धीर. कातडी ताणून धरायची, वस्तरा फार उभा धरायचा नाही, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने जायचं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला वस्ताद सुनावायचे, "साहेब, घाई असेल तर दाढी वाढवा."

अशी कितीतरी वर्षं गेली. एके दिवशी वस्तादांचा हात थरथरला आणि एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्त आलं. वस्तादांनी वस्तरा मिटला. "पुरे झालं. महिनाअखेर दुकान बंद."

त्यांची मुलगी सहा वर्षं तिथेच केस कापत होती. तिने कात्री खाली ठेवली. "बाबा, दाढ्या मी करते."

"केस चुकीचे कापले तर पुन्हा वाढतात गं. गळा वाढतो का?"

"मग शिकवा ना."

"आधी पट्टा. मग बघू."

पहिल्याच दिवशी तिने घाई केली, वस्तरा धारेवर उलटवला आणि मी चर्रकन कापला गेलो! असा राग आला म्हणून सांगू! वस्तादांनी कपाळाला हात लावला. पण पोरगी रडली नाही. माझी उचकटलेली कड तिने बारीक दगडाने घासून सपाट केली, तेल चोळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "पाठ पुढे, धार मागे," ती पुटपुटत राहिली. माझा राग तिथेच उतरला. मीही ठरवलं, हिला धार दिल्याशिवाय या खिळ्यावरून उतरायचं नाही.

मग आले फुगे. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा. फटाफट फुटले. शेजारचा शिंपी रोज डोकावून विचारायचा, "काय, आज कुणाचा वाढदिवस?" पोरगी तोंडावर उडालेला फेस पुसून दुसरा फुगा फुगवायची. तिसऱ्या आठवड्यात सलग दहा फुगे शाबूत राहिले आणि शिंपी गुपचूप आपल्या दुकानात परत गेला.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी दुकानात चार गिऱ्हाइकं होती. "दाढीला कोण बसतंय?" तिने विचारलं. जो तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला. तेव्हा वस्ताद उठले आणि स्वतःच खुर्चीत बसले. "रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी आजच पाटी उतरवायची," असं म्हणून त्यांनी मान मागे टाकली.

तिने मला ताणलं आणि मी जीव खाऊन सपाट राहिलो. गाल झाले, ओठावरचं झालं. गळ्यापाशी मात्र केसांचा भोवरा होता, आणि फेसही वाळू लागला होता. वस्तरा अडखळला. चारही वर्तमानपत्रं खाली आली. अशा वेळी माणूस रेटायला जातो, आणि तिथेच कापतं. तिने वस्तरा उचलला. "थांबा बाबा," म्हणाली, पातं पुसून कोरडं केलं आणि माझ्याकडे आली. पुन्हा तीस वेळा, शांतपणे. पुन्हा गरम टॉवेल, पुन्हा फेस. मग बोटाने केसांची दिशा चाचपत, थोडं थोडं करत तिने तो भोवरा उतरवला.

वस्तादांनी गळा चाचपला. वरून खाली, खालून वर. मग बोटं उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती. "मध्येच थांबायची अक्कल यायला मला दहा वर्षं लागली," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून ते गिऱ्हाइकांकडे वळले. "चला, पुढचं कोण? पाणी मी तापवतो."

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, अधूनमधून तेल द्या, माझ्यासाठी एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या घरात कुणी नवं काम शिकत असेल, तर ते त्याच्या हातातून काढून घेऊ नका. खुर्ची ओढा आणि त्याच्यासमोर बसा.