माग बंद पडला नाही तो दिवस

मित्रांनो, मला बघायचं असेल तर जरा वाका. अजून थोडं. हां! मी एक जुना हातमाग आहे, आणि तुमच्या पुस्तकातल्या चित्रासारखा ऐटीत उभा वगैरे नाही. माझे चारही खांब जमिनीत पुरलेत आणि माझ्या पुढ्यात एक खड्डा आहे. विणणाऱ्याने त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी आडवा धागा ओवणारा धोटा फेकायचा. मला इथून हलता येत नाही. जो माझ्यावर साडी लावतो त्यालाही ती पुरी होईपर्यंत फारसं हलता येत नाही.

आमचं घर येवल्याचं, पैठणीवाल्यांच्या गल्लीतलं. चांदवडच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. मोठा बडबड्या माणूस! रंधा मारता मारता माझ्याशी गप्पा मारायचा, म्हणूनच मलाही ही खोड लागली. मग मी या घरात आलो आणि थोड्याच दिवसांत माझ्या खड्ड्यात धोंडाबाई उतरल्या. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. त्यांच्या आईची आधीची लेकरं एकामागून एक गेली होती. हिला तरी देवाने नेऊ नये, दगडधोंडा समजून सोडून द्यावं, म्हणून नाव ठेवलं धोंडा. आणि बाई खरंच टिकल्या. हात असा जड, की रेशमाचा एकेक धागा फणीने ठोकून बसवला की जागचा हलायचा नाही.

ही ठोक्याची गोष्ट नीट ऐका, पुढे लागणार आहे. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो. म्हणून आमच्यात एकाने लावलेली साडी दुसरा विणत नाही. मध्येच हात बदलला की कापडात पट्टी पडते. परक्याला ती दिसणार नाही, पण विणकराने नुसता तळवा फिरवला तरी त्याला कळतं.

धोंडाबाईंच्या साड्यांची काय वाहवा व्हायची! मी तर फुगून जायचो. मग त्यांचे गुडघे गेले. मुलगा ज्ञानेश याच खड्ड्यात आईशेजारी बसून शिकला होता, पण तो गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात विणायला लागला. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो माग चालवून दाखवतो. आणि माझं काय झालं माहितेय? माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडले. खड्ड्यात कांदे भरले. कांदे, मित्रांनो! ज्या खड्ड्यात रेशीम उतरायचं तिथे कोंब फुटलेले कांदे. मला इतकी लाज वाटायची की कुणी आलं तर वाटे, टॉवेलांनी मला पुरतं झाकून टाकावं.

मग ज्ञानेशची बायको वैष्णवी आली. तिने कांदे उपसले, मला पुसलं, तेल दिलं आणि सासूकडून काम शिकली. हात हलका, एकसारखा. मला जीवच लागला तिचा. दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी मात्र रक्त थांबेना. शेजारच्या खोलीत तिला गाडीत घालायची धावपळ चालली होती आणि मी इथे पुरलेला. धोंडाबाईंचे पाय त्या रक्तात भरले होते. त्याच पायांनी त्या माझ्यावर झाकायला टाकलेलं जुनं धोतर ओढून न्यायला आल्या होत्या. वैष्णवी वाचली. पण कित्येक महिने तिला खड्ड्यात उतरता आलं नाही.

यंदा तिने मोरपंखी साडी लावली. अंग विणून होत आलं होतं, पदर बाकी होता. एका सकाळी तिचा पाय पावडीवर अडला. ती पटकन वर चढली, मोरीकडे धावली. मग परत आली. ती मला धरून बसली आणि हळूच म्हणाली, "नको रे देवा. आता नको."

तिला गर्भपात हवा होता. सरळ शब्द आहे, सरळच सांगतो. तिला भीती वाटत होती, आणि भीती बाजूला ठेवली तरी तिला तिसरं मूल नको होतं.

ज्ञानेशला हे मुळीच पटेना. तो काही दुष्ट माणूस नाही बरं का. दुसरीच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून तो ढसाढसा रडला होता, असं धोंडाबाईच सांगतात. पण तो म्हणाला, "अगं, जीव आलाय तो. आपण कोण त्याला नाही म्हणणारे? या वेळी मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी रात्रंदिवस तुझ्यापाशी बसेन."

"आणि मी नाही वाचले तर?"

"असं अभद्र बोलू नको!" म्हणाला आणि डबा घेऊन निघून गेला. त्याच्या मते विषय संपला.

धोंडाबाईंचं तर विचारूच नका. "पाप हाय पोरी. माझ्या आईनं एकेका लेकरासाठी धाय मोकलली. अन् तू आलेला जीव माघारी धाडती व्हय?"

वैष्णवी नुसता धोटा फेकत राहायची. त्या दिवसांत धागे फार तुटले.

शेजारची शाझिया दुपारी खिडकीत यायची. ती आशाताई आहे, म्हणजे वस्तीतल्या बायकांच्या तब्येतीचं काम बघते. वैष्णवी तिला सगळं सांगायची, म्हणून मलाही कळायचं. गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "मी हे करत नाही, माझ्या मनाला पटत नाही, दुसरीकडे जा." दुसरीकडे गेली तर म्हणाले, "नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते."

"सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही," शाझिया म्हणाली. "तुझी एकटीची संमती पुरते. नाशिकला चल, मी येते सोबत. पण उशीर नको करू. दिवस वर गेले की अवघड होत जातं."

"भाभी, तुम्हाला पाप नाही वाटत?"

शाझिया म्हणाली, "खरं सांगू? मी माझ्यासाठी नसतं केलं. आमच्या घरातच यावर दोन मतं आहेत, दोघंही कुराणाचंच नाव घेतात. पण पोट तुझं आहे, वैष्णवी. माझं मत मी तुझ्या पोटावर कसं लादू?"

जायचं ठरलं. पण जायचं कसं? इथेच तर ग्यानबाची मेख होती, आणि ती मेख मी होतो. माझी खटखट पार दुकानापर्यंत ऐकू जाते; हात कुणाचा ते तेवढ्या लांबून कळत नाही, पण थांबलो की कळतं. मी बंद पडलो की ज्ञानेश लगेच दारात, "काय झालं? तार तुटली का? बरं वाटत नाही का?" काळजीनेच विचारायचा हो! पण ती काळजीच तिच्या दाराला कुलूप झाली होती. नाशिकला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. माझाच आवाज तिच्या पायातली बेडी झाला होता. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. वाटलं, मोडून पडावं. पण मोडलो असतो तरी तो धावत आलाच असता.

तो दिवस उजाडला. ज्ञानेश दुकानात गेला, मुली शाळेत गेल्या. वैष्णवी थोडा वेळ विणत बसली. मग शाझियाने खिडकीवर टकटक केली तशी ती वर चढली, पिशवी उचलली आणि वळली, तर दारात धोंडाबाई.

मी थांबलो होतो. घरभर शांतता झाली. आता हा आवाज बंद झालेला ज्ञानेशला कळणार, मला वाटलं, आता संपलं.

"निघालीस?" धोंडाबाई म्हणाल्या.

"हो, आई." वैष्णवीने हात जोडले. "मला जाऊ द्या. पाया पडते."

"पाप हाय हे. मी आजबी म्हणीन, उद्याबी म्हणीन."

"म्हणा. पण जाऊ द्या."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग भिंतीला धरत माझ्यापाशी आली. "सरक तिकडं," म्हणाली, आणि ते मोडके गुडघे कण्हत कण्हत खड्ड्यात सोडले. "माग थांबला तर तो ईल ना धावत. जा. बस चुकंल."

वैष्णवी तिथेच रडायला लागली. "जा म्हणते ना!" म्हातारी ओरडली आणि तिने धोटा फेकला.

खट. खट. ठाक! तो जुना, जड ठोका. मित्रांनो, माझं लाकूड न् लाकूड ओळखीने हललं. दिवसभर त्या उठल्या नाहीत. पाणीसुद्धा खड्ड्यातच बसून प्यायल्या. दुपारी कधीतरी माझ्याशीच बोलल्यासारखं बोलल्या, "मी जगले म्हणून समद्यांनी पेढे वाटले. माझ्या पाठच्या बाळंतपणात आई गेली. तिचं नाव धोंडा ठिवायचं कुणाच्या ध्यानात नाय आलं." आणि पदराने डोळे पुसून पुन्हा ठाक.

दिवस कलता कलता वैष्णवी परतली. चेहरा पांढराफटक, शाझियाच्या खांद्यावर हात. सगळं व्यवस्थित झालं होतं. ती आत जाऊन पडली. त्याआधी तिने आणि शाझियाने मिळून धोंडाबाईंना वर ओढलं होतं, पाय पार बधिर झाले होते.

मग ज्ञानेश आला. रोजच्या सवयीने त्याने माझ्यावरच्या कापडावर हात फिरवला, दिवसाचं काम किती झालं बघायला. हात मध्येच थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. ज्या ठोक्यावर तो विणायला शिकला तो त्याला कळणार नाही होय? हा धोका म्हातारीला ठाऊक नव्हता थोडाच! दुसरा इलाजच नव्हता.

"आई, तू बसली होतीस?"

"व्हय. मीच बसले, अन् मीच तिला धाडलं. काय बोलायचं ते मला बोल."

त्याचा चेहरा बघवेना.  तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्याचंही काही गेलं होतं, मित्रांनो. ते मी नाकारणार नाही.

बरेच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एके सकाळी ज्ञानेश कात्री आणि सुई घेऊन माझ्यापाशी आला. अशी पट्टी पडली की ती उसवून पुन्हा विणतात, ही आमच्यातली रीतच आहे. वैष्णवी दारात उभी राहिली. त्याने कात्री उघडली. माझे ताण्याचे उभे धागे ताठ झाले.

"राहू द्या ना," वैष्णवी म्हणाली. "माझ्यासाठी कुणीतरी दिवसभर बसलं होतं त्या खड्ड्यात. ते उसवू नका."

ज्ञानेशने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "मला पटलेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "पटणारही नाही."

"माहितेय मला."

त्याने कात्री मिटली. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "मी तिकडं आवाज ऐकत बसायचो. वाटायचं, माग चालू आहे, म्हणजे तू बरी आहेस." 

ती साडी पुढे पुरी झाली, पण विकली नाही. पेटीत आहे. धोंडाबाई अजून पाप म्हणतात, आणि सुनेच्या ताटात आधी वाढतात. कोण बरोबर, मला विचारू नका. मी लाकूड आहे, आणि माणसांनाच अजून ठरवता आलेलं नाही.

मला तेल द्या, वाळवीपासून जपा, खड्ड्यात कांदे तर मुळीच भरू नका. आणि एक ऐका. तुमच्याही घरात काहीतरी रोज चालू असेल, शिलाई मशीन, मिक्सर, भांड्यांचा खडखडाट. आवाज येतोय म्हणून आतलं माणूस बरं आहे, असं धरून चालू नका. जरा आत या. वाका. बघा, खड्ड्यात कोण बसलंय.