सारजाबाईंना उठवताना

मानेतली गाठ काढून झाली, टाके पडले आणि डॉक्टर इंद्रजितनी हातमोजे उतरवले. "मॅडम, नळी काढा. बाहेर पुढचा पेशंट तयार आहे."

मेघना जागची हलली नाही. शेळगावची ही पोरगी भूलतज्ज्ञ होऊन बारामतीत आली, त्याला फार काळ लोटला नव्हता. जळोचीच्या या दवाखान्यात बोलावतील तेव्हा ती येई. टेबलावर सणसरच्या सारजाबाई होत्या. श्वासनळीत नळी, गळ्यावर ताजी पट्टी.

"आत्ता ओढली तर त्या जोरात खोकतील. थोडं थांबू."

"भुलीतून उठताना सगळेच खोकतात."

"म्हणूनच गेल्या महिन्यात इथं एकाची मान आतून रक्तानं भरली. परत उघडावी लागली."

सिस्टरनं नजर खाली वळवली. त्या पेशंटचं नाव इथं कुणी काढत नसे.

"हॉस्पिटल माझं आहे," इंद्रजितचा आवाज चढला.

"हो सर. पण यांचा श्वास अजून माझ्या हातात आहे."

सारजाबाई गाढ भुलीत असतानाच तिनं त्यांचा घसा साफ करून घेतला होता. आता तिनं खोकला दबवणारं औषध शिरेतून हळूहळू सोडलं. "कुणी त्यांना हलवू नका, थोपटू नका, हाका मारू नका."

इंद्रजित दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. उद्या इथून फोन येणार नाही, हे मेघनाला दिसत होतं. नाही आला तर नाही. इंदापूरलाही दवाखाने होते.

सारजाबाईंचा श्वास आपला आपण चालू लागला. पापण्या थरथरल्या.

"सारजाबाई, डोळे उघडा. माझा हात दाबा."

त्यांनी दाबला. मेघनानं अलगद नळी बाहेर घेतली. बाईंनी घसा जरासा खाकरला, तेवढंच. पट्टी कोरडी होती.

"झालं व्हय?" त्या पुटपुटल्या. "मला वाटलं, अजून सुरूच हाय."

"झालं, मावशी. पडून राहा."

"उद्यापासून दुसरं कुणीतरी बघतो मी," इंद्रजित म्हणाले.

"बघा. पण आजचे उरलेले पेशंट माझे आहेत, आणि मी त्यांना असंच उठवणार. वेळ लागेल."

इंद्रजित बेसिनकडे वळून पुढच्या ऑपरेशनसाठी हात धुऊ लागले.

"सिस्टर," मेघना म्हणाली, "पुढच्यांना आत घ्या."