चौकटीतला धडा

आम्ही सहावीचं सामाजिक शास्त्राचं पुस्तक करत होतो. एकाच वर्गात चार-पाच धर्मांची मुलं बसतात, त्यांना एकमेकांची नीट ओळख व्हावी, हा हेतू. मी संपादक. जुन्या मुस्लिम विचारवंतांवरचा धडा मी माझ्या सरांकडे मागितला. त्यांनी जन्मभर अरबी ग्रंथ शिकवले होते. निवृत्तीनंतर मात्र त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते हातानं लिहिलेली अकरा पानं घेऊन आले. "दुसरी प्रत नाही हं, सांभाळ," म्हणाले.

माणसं नुसत्या रक्तानं एक होत नाहीत, सोबत खपल्यानं होतात. सुख आलं की ती गाठ सैल होते. न्याय गेला की राज्य जातं. जुन्या पंडितांचं हे म्हणणं त्यांनी रस्सीखेचीच्या खेळातून उलगडलं होतं.

"मुलांच्या डोक्यावरून जाईल," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "पेहराव, सण, खाणं एवढंच द्या. रंगीत चौकटीत."

मी वाद घालायला हवा होता. पण अध्यक्षांशी वाकडं घ्यायची माझी छाती झाली नाही. चौकट मीच लिहिली. सरांना कळवलंही नाही.

छापलेलं पुस्तक घेऊन ते कार्यालयात आले. बसले नाहीत.

"अगं, मुलांना आमची टोपी दाखवलीस. डोकं राहिलंच की."

"सर, पुढच्या आवृत्तीत नक्की..."

"बघ, जमलं तर."

रागावले असते तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी अध्यक्ष बदलले. नव्या बाईंनी मूळ धडा मागितला. मी शोधायला गेले, तर कार्यालय हलवताना जुने गठ्ठे रद्दीत गेलेले. तोंड लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. अर्धांगानं त्यांची जीभ जड झाली होती. त्यांनी वही-पेन माझ्याकडे सरकवलं.

"लिही," म्हणाले.

दुपारभर ते अडखळत सांगत राहिले. रस्सीखेच आली, न्याय आला, पण मधले दुवे जुळेनात.

"इथे एक छान उदाहरण होतं गं. तुला आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. तो धडा मी एकदाच, तोही घाईत वाचला होता.

"नाही, सर."

त्यांच्या मुलीनं पाण्याचा पेला पुढे केला. "राहू दे," ते म्हणाले.

नव्या पुस्तकात तो धडा दीड पानाचा आहे. शिक्षक सांगतात, मुलांना आवडतो.