रिकाम्या घरांच्या चादरी

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. नगरपालिकेच्या जाड, पांढऱ्याशुभ्र कागदावर, खाली गोल शिक्का मारून खोटं लिहिलंत. 'सँ-लेजे वस्ती. एकूण घरं सेहेचाळीस. त्यांपैकी रिकामी अडतीस.' तुमचं नाव मला माहीत नाही, कारण सहीच्या जागी तुम्ही नुसता एक फराटा ओढला होता. तुमचा चेहराही त्या दिवशी मला दिसला नाही. दिसली ती टोपी. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरळ चालत गेली, पण एकदाही वर झाली नाही. वर झाली असती, तर तुम्हाला धुराडी दिसली असती आणि त्यांतून निघणारा धूर दिसला असता. मीही दिसलो असतो.

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा कोंबडा आहे. सँ-लेजे चर्चच्या मनोऱ्यावर, क्रुसाच्याही वर, एका लोखंडी खिळ्यावर मी फिरत असतो. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूला माझी चोच. मी हिरवा पडलो आहे, माझ्या शेपटीला बंदुकीच्या गोळीचं एक भोक आहे आणि फिरताना मी कुरकुरतो. पण माझ्यात खोट नाही. मी अस्सल तांब्याचा आहे आणि ते तांबं कुठून आलं, हे आधी ऐका.

चर्चचा मनोरा बांधून झाला तेव्हा आमच्या वस्तीकडे कोंबड्यासाठी धातू नव्हता. नदीकाठी कातडी कमावणारी माणसं ही. हात तपकिरी, अंगाला ओकच्या सालीचा वास. वरच्या बाजारपेठेतले लोक त्यांच्या शेजारी बसत नसत. तेव्हा आंब्रुआझ नावाचा तांबट हातगाडी घेऊन दारोदार फिरला. ज्या घरातून जे मिळेल ते त्यानं घेतलं. कुणी मुरंबा शिजवायचं भोक पडलेलं पातेलं दिलं, कुणी तुटका डाव दिला, एका बाईनं बिछाना गरम करायचं निखाऱ्याचं भांडं दिलं. त्या सगळ्याचा पत्रा ठोकून आंब्रुआझनं मला घडवलं. म्हणजे मी सेहेचाळीस चुलींचा आहे. म्हणूनच आमच्याकडे एक रीत पडली. कोंबडा दुरुस्तीला खाली उतरला की तो आधी प्रत्येक घरी जातो. घरातलं माणूस त्याला हात लावतं आणि त्याच्या गळ्यात कापडाची पट्टी बांधतं. सगळी घरं झाल्याशिवाय कोंबडा दुसरीकडे कुठेही जात नाही. आपलं पातेलं घरी आलंय, असं ते समजतात.

फ्रेंच क्रांतीच्या वर्षांत शिपाई आले आणि आमच्या तीनही घंटा तोफा ओतायला घेऊन गेले. मला उतरवायला त्यांनी एका छप्परवाल्याला वर पाठवलं. तो आमच्याच गल्लीतला होता. वर येऊन त्यानं माझ्या पोटावर थाप मारली, कानाशी येऊन म्हणाला, "गप फिरत राहा," आणि खाली जाऊन शिपायांना सांगितलं, "पत्र्याचा आहे हो. गंजून गेलाय. हात लावला तर तुकडे पडतील." वस्तीनं माझ्यासाठी मारलेली ती पहिली थाप. तेव्हापासून वर येणारा प्रत्येक छप्परवाला माझ्या पोटावर आपलं नाव आणि साल कोरून जातो. एकूण नऊ नावं आहेत. नववं नाव फिरमँचं, आणि माझी खरी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते.

एकोणीसशे त्रेसष्ट साल होतं. कातडी कमावण्याचा धंदा कधीच बसला होता. कुणी गिरणीत जायचं, कुणी रेल्वेत. तरी माणसं तिथेच राहत होती, आणि त्यांची राहण्याची तऱ्हाही जुनीच होती. सारा संसार मागच्या बाजूला, नदीवर. स्वयंपाक तिकडे, धुणी तिकडे, येणंजाणं तिकडून. गल्लीकडच्या खिडक्या मात्र कायम बंद. पूर्वी ओल्या कातड्यांच्या गाड्या गल्लीतून जायच्या, चिखल आणि माश्या थेट घरात यायच्या, म्हणून पणज्यांनी त्या खिडक्या लावून घेतल्या. गाड्या बंद झाल्या. खिडक्या काही कुणी उघडल्या नाहीत.

आणि तुम्ही, साहेब, गल्लीतून चालत गेलात. बंद खिडकी दिसली की खूण, बंद खिडकी दिसली की खूण. एक दारही ठोठावलं नाहीत. अर्ध्या तासात तुम्ही अडतीस घरं मारून टाकलीत.

पुढचं काम सोपं होतं. वस्ती रिकामी, चर्च धोकादायक, सगळं पाडा, रुंद रस्ता करा, मोटारी उभ्या करायला मैदान करा. गुरुवारच्या सभेत ठराव यायचा होता. त्याआधी मंगळवारी माझी उतरवणी होती, कारण कोंबडा कुणाच्या डोक्यात पडला तर काय, अशी तुम्हाला काळजी. रिकाम्या वस्तीत कुणाचं डोकं असणार होतं, ते तुम्हालाच ठाऊक.

फिरमँनं मला दोरानं खाली सोडलं. तोंड पाडून तो मला हातगाडीवर ठेवत होता, तेवढ्यात सिदोनी आली. सिदोनी म्हणजे वस्तीतली इस्त्रीवाली. एकसष्ट वर्षांची, नवऱ्यामागे एकटी, आणि दंड असे की गिरणीतल्या पुरुषांनी बाजूला व्हावं. बारा नंबरच्या घरात ती जन्मली होती. पाडायच्या रिकाम्या घरांच्या यादीत बारा नंबर पहिल्या पानावर होता.

"कुठं चाललास त्याला घेऊन?" तिनं विचारलं.

"नगरपालिकेत. जमा करायचाय."

"आणि घरं?"

"सिदोनी, अगं मला काम दिलंय त्यांनी. कागद आहे माझ्याकडे."

"वाच."

फिरमँनं खिशातून कागद काढला. "'कोंबडा उतरवून नगरपालिकेत जमा करावा.'"

"कधी?"

फिरमँनं कागद उलटा केला, सुलटा केला. मग हसला. "कधी ते लिहिलेलं नाही."

"मग ढकल गाडी. आणि ऐक, नव्या फिती नकोत कुणाकडून. घरातलं कापड हवं. अक्षरं काढलेलं."

मित्रांनो, आमच्याकडे लग्नात मुलगी जी कापडं आणते, त्यांच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं तिच्या नावाची दोन अक्षरं काढलेली असतात. घाटावर कपडे एकमेकांत मिसळले तरी कुणाचं काय, ते कळतं. वस्तीतली सगळी कापडं सिदोनीच्या टेबलावरून जायची. कुठल्या अक्षरांचं घर कोणतं, हे तिला तोंडपाठ होतं.

दोन दिवस मी नदीकाठानं फिरलो. मागच्या दारांनी. म्हाताऱ्या बायकांनी माझ्या पंखांवरून हात फिरवले. एक गिरणीवाला मला म्हणाला, "आमच्या पणजीचा डाव आहेस तू, विसरू नकोस." कुणी चादरीचा कोपरा फाडून दिला, कुणी उशीच्या अभ्र्याचा. तीन घरांची दारं कुणी उघडली नाहीत, कारण तिथे खरंच कुणी नव्हतं.

आणि एक दार माणूस असून उघडलं नाही. एकतीस नंबर, म्हातारा ओनेझिम. शेवटचा कातडी कमावणारा. अकरा वर्षांपूर्वी सिदोनीनं त्याच्या बायकोचा लग्नातला टेबलक्लॉथ इस्त्रीनं जाळला होता. बायको पुढच्याच महिन्यात गेली. तेव्हापासून तो सिदोनीशी बोलत नव्हता आणि स्वतःचे कपडे स्वतःच कसेबसे धूत होता.

"ओनेझिम, कोंबडा आलाय," फिरमँनं हाक मारली.

आतून आवाज आला, "कोंबड्याला या म्हणावं. तिला नको."

"मी बाहेर थांबते रे म्हाताऱ्या! नुसतं कापड दे!"

"माझ्याकडे फाडायला कापड नाही. होतं ते जळलं."

सिदोनीचा चेहरा पडला. मी बेचाळीस पट्ट्या गळ्यात घालून निघालो.

गुरुवारी सभेच्या दारात शिपायानं आम्हाला अडवलं. "हे काय? हे बाहेर ठेवा."

फिरमँनं कागद पुढे धरला. "'नगरपालिकेत जमा करावा.' जमा करतोय." आणि त्यानं मला थेट सभेच्या लांब टेबलावर नेऊन ठेवलं. माझ्या पायातली धूळ त्या चकचकीत लाकडावर सांडली. मागच्या बाकांवर वस्ती येऊन बसली होती. तुम्हीही होतात, साहेब. टोपी मांडीवर होती.

यादी वाचायला सुरुवात झाली. "क्रमांक चार, रिकामं."

सिदोनी उठली.

"मादाम, लोकांना सभेत बोलायची परवानगी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बोलत कुठं आहे मी? कपडे मोजून परत करतेय. इस्त्रीवालीला मोजून द्यावेच लागतात, नाहीतर लोक चोर म्हणतात." तिनं माझ्या गळ्यातली एक पट्टी सोडली आणि टेबलावर ठेवली. "चार नंबर. ही अक्षरं बघा. नवरा-बायको, चार पोरं, एक सासू. आठवड्याला सहा चादरी. का हो, रिकामं घर चादरी मळवतं का?"

मागचे बाक हसले. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांच्या शेजारचे दोघेही हसत होते.

"क्रमांक सात, रिकामं."

"सात नंबर. बाळ दोन महिन्यांचं आहे. दुपट्यांचं तर विचारूच नका."

"क्रमांक नऊ, रिकामं."

"नऊ खरंच रिकामं आहे," सिदोनी म्हणाली. "ते लिहा तुमचं."

मित्रांनो, त्या एका वाक्यानं ही बाई खरं बोलते आहे, हे सगळ्यांना कळलं. "क्रमांक बारा, रिकामं," वाचणारा म्हणाला, आणि सिदोनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग मी कोण, भूत?" आता वाचणाऱ्याचाच आवाज बारीक होत चालला. टेबलावर पट्ट्यांचा ढीग वाढत होता. तेव्हा तुम्ही उभे राहिलात, साहेब, आणि म्हणालात, "खिडक्या बंद होत्या."

"दीडशे वर्षं बंद आहेत! मागं नदीवर यायचं होतंत. एक वाटी सूप दिलं असतं."

"क्रमांक एकतीस, रिकामं."

सिदोनीनं माझ्या गळ्याकडे हात नेला आणि तसाच थांबवला. एकतिसाची पट्टी नव्हती. खोटी पट्टी दाखवणं तिला जमणारं नव्हतं. तुम्ही टोपी पुन्हा मांडीवर ठेवलीत आणि पहिल्यांदाच हसलात. "म्हणजे आमची यादी अगदीच चूक नाही तर," असं म्हणालात.

दार उघडलं. ओनेझिम आत आला. लग्नातला काळा कोट, काखेत घडी. चालत टेबलापाशी आला आणि त्यानं मला डोक्यापासून शेपटीपर्यंत झाकून टाकणारा एक पांढरा टेबलक्लॉथ पसरला. कोपऱ्यात लाल अक्षरं होती आणि बरोबर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग.

"हे बघा," तो म्हणाला. "एकतीस नंबर. फाडवत नव्हतं, म्हणून अख्खाच आणलाय. हा डाग हिनं पाडलाय. रिकाम्या घराचा टेबलक्लॉथ हिनं कसा जाळला, ते आधी हिला विचारा!"

सगळ्या सभेत हसू फुटलं. अध्यक्ष डोळे पुसत होते. सिदोनी हसत होती की रडत होती, ते टेबलक्लॉथखालून मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. ती म्हणाली, "ओनेझिम, अरे, डाग निघतो. मिठानं आणि लिंबानं निघाला असता. तू आणलाच नाहीस परत."

"नको काढूस आता," तो म्हणाला. "पुरावा आहे तो."

ठराव मताला टाकला तेव्हा पाडण्याच्या बाजूनं फक्त दोन हात वर झाले. सँ-लेजे वाचलं. फिरमँनं मला पुन्हा हातगाडीवर घातलं, आणि या खेपेला आम्ही मुद्दाम गल्लीतून गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकेक खिडकी उघडत गेली. बिजागऱ्या ओरडत होत्या, जुना रंग खाली पडत होता, आणि प्रत्येक खिडकीत माणसं होती. दीडशे वर्षांनी गल्लीतलं ऊन घरात शिरलं. शनिवारी मी वर चढलो. त्रेचाळीस घरांचं कापड गळ्यात होतं, कारण ओनेझिमनं शेवटी त्या टेबलक्लॉथची कडेची एक पट्टी फाडलीच. फिरमँनं माझ्या पोटावर आपलं नाव कोरलं आणि खाली एक ओळ: 'सगळे घरी आहेत.' त्या दिवशी वारा असा सुटला होता की मी गरागरा फिरत राहिलो. कुरकुरलो नाही, मित्रांनो. मी आरवलो.

आज ते लोक नाहीत. घरं आहेत, भरलेली आहेत. मला वर्षातून एकदा कुणी थेंबभर तेल घालावं आणि पोटावरची नावं पुसू नयेत, एवढंच माझं मागणं. आणि कुठल्याही वस्तीबद्दल काही लिहिण्याआधी दार ठोठावा. आधी ठोठावा, मग लिहा.

पण साहेब, तुमच्याशी माझं संपलेलं नाही. ठराव पडला, कागद राहिला. त्यावरचा 'रिकामी' हा शब्द कुणी खोडला नाही. गेल्या वर्षी गल्लीत दिवे लावायचे होते, तेव्हा तुमच्या जागेवर आता बसणाऱ्यानं तीच फाईल उघडली आणि विचारलं, तिथे राहतं कोण? सेहेचाळीस चुलींचं तांबं तुम्हाला विचारतं आहे: तो आकडा कुणी लिहायला सांगितला, आणि तो आजवर खोडला का नाही? उत्तर घेऊन या. मागच्या दारानं या, नदीच्या बाजूनं. आणि येताना मान वर करा. मी बघतो आहे.