आजच्या मापाचं

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बाईला नावानं कुणी हाक मारत नसे. ती मास्तरीण. कापड कापायचं काम तिचं. कापणारा हात एकदा चुकला की शिवणाऱ्या वीस हातांना ते सावरता येत नाही, म्हणून तिचा मानही तेवढाच मोठा. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, खडूनं रेघ ओढायची आणि रेघेच्या बाहेर बोटभर जागा राखून कात्री चालवायची. मूल आज आहे तेवढंच उद्या राहत नाही. वर्ष सरलं की आया टाके उसवतात, आत दुमडलेला दाब सोडतात आणि तोच गणवेश पुन्हा अंगाला बसतो. मशीनवरच्या बायका पायाच्या ठेक्यात म्हणायच्या,

कात्री चाले सरासरा, बोट राखी काठाला,
वाढत्या गं लेकराला आजचं माप कशाला.

मास्तरीण म्हणत नसे, नुसती ऐकत असे. तेवीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या लेकरांना पुढच्या वर्षाचं कापून दिलं होतं.

तिची स्वतःची लेक गुंडी. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल गोल होती, म्हणून कारखान्यातल्या बायकांनीच ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता गुंडी सतरा वर्षांची होती. बाप ती चालायला शिकायच्या आतच गेला होता. सातव्या वर्षी जिना चढताना तिचे पाय दमू लागले, अकराव्या वर्षी चाकांची खुर्ची आली. दुखणं स्नायूंचं. पायांकडून निघालं होतं आणि घाई न करता वर चाललं होतं, जसा ओलावा भिंतीत चढतो.

हात मात्र तिचे होते, आणि हातांत तिचा गेम होता. हातात धरून खेळायचा तो कन्सोल मामानं सहा वर्षांपूर्वी दिला होता. कडा झिजून पांढऱ्या झालेल्या, मागे चिकटपट्टी. त्यातला एक खेळ तिनं तीनदा पुरा केला होता. एक मुलगी घोड्यावर बसून कोरड्या पडलेल्या नदीच्या काठानं निघते, ती कुठून निघते ते शोधायला. लढाई त्यात थोडी, चालणंच फार. मास्तरिणीनं एकदा विचारलं होतं, यात असं काय आहे गं? गुंडी म्हणाली होती, चालायला मिळतं. म्हणाली ती अगदी सहज, मीठ कमी आहे म्हणावं तशी, पण मास्तरिणीनं पुन्हा ते विचारलं नाही.

आता त्या कन्सोलची घोडा वळवायची डावी काडी बिघडली होती. हात लावला नाही तरी घोडा डावीकडेच चालत राही. गुंडी म्हणे, घोडा मामावर गेलाय, सांगावं एक आणि जातो भलतीकडेच. मामा हसला आणि म्हणाला, नवा घे, निम्मे माझे. पैशाचं असं सुटलं. प्रश्न राहिला तो कुठला घ्यायचा, हा.

दोन होते. मोठा आणि लहान. गुंडीनं दोन महिने त्यांचा अभ्यास केला, लोकांनी केलेले व्हिडिओ पाहिले, वहीत लिहून ठेवलं. मास्तरीण म्हणाली, मुलगा पाहावा तशी पाहतेस की. गुंडी म्हणाली, मुलगा परत करता येत नाही, हा पंधरा दिवसांत करता येतो. मोठ्याची स्क्रीन रुंद, रंग खोल, आणि नदीच्या त्या खेळाचा दुसरा भाग फक्त त्याच्यावरच चालणार होता. पण अंगानं तो दणकट, वरची बटणं कडक. लहान तळहातावर मावेल असा, हलका, बटणं लोण्यासारखी, एकदा चार्ज केला की दिवसभर पुरेल. मात्र त्याच्यावर जुने आणि बारके खेळच चालत. फळं जुळवायची, विटा रचायच्या, असले.

गुंडीचं ठरलं होतं. मोठा.

मास्तरिणीचंही ठरलेलंच होतं, गुरुवारपर्यंत. दर गुरुवारी व्यायाम करून घेणाऱ्या बाई येत. त्या गुरुवारी त्यांनी गुंडीची मनगटं नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरली, आणि जाताना मास्तरिणीला जिन्यापर्यंत बोलावून घेतलं. पायांचं झालं तसं आता हातांचं सुरू झालंय, म्हणाल्या. मनगटं आधी जातील. वर्ष, फार तर दीड. मास्तरिणीनं मोठ्या कन्सोलचं विचारलं. बाई म्हणाल्या, जड धरल्यानं बिघडेल असं नाही हो, पण काही दिवसांनी धरवणारच नाही. मग खाली वाकून त्यांनी बुटाची नाडी बांधली, सुटलेली नसताना.

मास्तरीण घरात आली. गुंडीनं विचारलं, काय म्हणत होत्या? मास्तरीण म्हणाली, पुढच्या गुरुवारी उशिरा येणार आहेत.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच दुकानात गेली. दुकानदार जाड चष्म्याचा, बोटं लांबसडक, तुटलेले खेळ दुरुस्तही करून द्यायचा. तिनं दोन्ही कन्सोल मागितले. एकेक तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि कापड जोखावं तसा जोखला. मोठा तिच्या कात्रीपेक्षा जड. लहान कात्रीच्या निम्मा. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी लेकीच्या हातात काय राहील, याचा हिशेब तिच्या हातांनी तिला विचारण्याआधीच करून टाकला. फक्त आजवर तिनं वाढीची जागा राखली होती. ही जागा उलटी राखायची होती.

लहान घ्यायचा हे ठीक. पण लहान का, हे गुंडीला सांगायचं कसं? ते सांगायचं म्हणजे जिन्यातलं सगळंच सांगायचं.

ती दुकानदाराला म्हणाली, शनिवारी मुलीला घेऊन येईन, तिच्यासमोर मोठा संपलाय म्हणा. कारणही सांगितलं, थोडक्यात. दुकानदारानं चष्मा काढून पुसला. पुन्हा कधी येणार असं पोरीनं विचारलं तर, म्हणाला. मास्तरीण म्हणाली, कंपनीनं बंद केला म्हणा. खोटं बोलणं मला नीट जमत नाही, तो म्हणाला, पण दोन वाक्यं पाठ करून ठेवतो.

शनिवारी दुपारी दोघी गेल्या. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. दुकानदार बाहेर आला आणि दोघांनी मिळून खुर्ची आत घेतली. गुंडीनं मांडीवरची वही उघडली, आणि ती तोंड उघडते न उघडते तोच दुकानदार म्हणाला की मोठा संपलाय, कंपनीनं तो बंदही केलाय. अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

गुंडीनं त्याच्याकडे पाहिलं. मग वहीकडे. मग कितीतरी वेळ समोर.

त्यानं काळजी घेतली होती, नाही असं नाही. भिंतीवरचे मोठ्याचे सगळे खोके उतरवले होते, जाहिरातीचा कागद काढला होता, शेवटचा खोका काउंटरच्या आत सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला होता. काउंटरपाशी उभं राहणाऱ्याला तो मुळीच दिसला नसता. मास्तरिणीलाही दिसला नाही. पण काउंटरला पुढून काच होती, आणि खुर्चीत बसलेल्या गुंडीचे डोळे बरोबर त्या फळीच्या उंचीवर होते. दुकानदारानं लपवलं होतं ते उभ्या माणसांपासून. मास्तरीण सहा वर्षं ती खुर्ची ढकलत होती, पण खुर्चीतून जग कसं दिसतं ते तिनं कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"काका," गुंडी म्हणाली, "बंद झालेला तो तुमच्या पायाशी उभा आहे."

दुकानदारानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग मास्तरिणीकडे. मग मागच्या खोलीत कुणी हाक मारल्यासारखा तो आत निघून गेला. हाक कुणी मारली नव्हती.

रस्त्यावरून कुणीतरी सायकल दामटत नेली, तिची साखळी कुरकुरत होती. ती ऐकू येईनाशी झाल्यावर गुंडीनं विचारलं,

"बाईंनी किती सांगितलं?"

मास्तरिणीला अजूनही टाळता आलं असतं. कसलं किती, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण लेक तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून तिचा धीर सुटला.

"वर्ष," ती म्हणाली. "फार तर दीड."

गुंडीनं श्वास सोडला. "तुझं माप माझ्यापेक्षा सैल आहे. मी आठ महिने धरलेत."

गुंडीनं मग तिला वही दाखवली. कन्सोलच्या किमती आणि बटणांची माहिती पुढच्या पानांवर होती. मागच्या पानांवर नुसत्या तारखा आणि आकडे. मागच्या वर्षी याच महिन्यात जुना कन्सोल सलग चाळीस मिनिटं धरता येत होता. मग पस्तीस. आता पंचवीस, तेही खाली उशी घेऊन. ती हे दर रविवारी लिहीत आली होती, आई कारखान्यासाठी कापायचे खाके काढत बसलेली असताना, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून.

मोठा वीस मिनिटंच धरवेल, ती सांगू लागली, एखादं गणित समजावून द्यावं तशी. नदीचा दुसरा भाग साठ तासांचा आहे. रोज वीस मिनिटं खेळलं तर सहा महिन्यांत संपतो. मधे ताप-सर्दी आली, एखाद्या दिवशी बोटंच रुसली, तर त्यासाठी दोन महिने जास्तीचे धरले. आठ झाले. पुरतं.

"मी पण थोडी जागा सोडलीये," ती म्हणाली. "तुझीच आहे ना मी."

मास्तरीण म्हणाली की लहान घेतला तर दोन वर्षं टिकेल, तीन वर्षंही टिकेल, बटणं किती मऊ आहेत ते तू धरून तरी बघ. बोलता बोलता तिचा आवाज कारखान्यातल्यासारखा होत गेला, एखाद्या आईला ती समजावते तसा, की आज ढगळ दिसलं तरी असू द्या, पुढं कामाला येईल.

गुंडीनं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "आई, नंतर मी फळं जुळवू? आज जे मला नको आहे ते? तू सगळ्यांना पुढच्या वर्षाचं कापतेस. पोरं वर्षभर बाह्या दुमडून फिरतात. मला एकदा आजच्या मापाचं दे."

मास्तरिणीच्या गळ्यात टेप होती, सवयीनं घरून निघताना तशीच राहिलेली. ती तिनं काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली. ते करायला फार वेळ लागत नाही, पण तिनं लावला. पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन हाक मारली की मोठा काढा.

दुकानदार आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्यानं खोका फळीवरून काढला, उघडला, बटणं तपासली, वर स्क्रीनला काच लावून दिली, आणि नदीचा खेळ आत घालून देतो म्हणाला. त्याला तासभर लागला. तेवढ्या वेळात तो एकदाच बोलला. आपली भाचीही हाच खेळ खेळते, म्हणाला, आणि डोंगरापाशी अडकून पडलीये.

पायऱ्या उतरल्यावर मास्तरीण म्हणाली, रागावलीस?

गुंडी म्हणाली, तुझ्यावर नाही, पण त्या बिचाऱ्याला खोटं बोलायला लावलंस ते वाईट केलंस. पाठ करून आला होता तो.

दोघींनाही हसू आलं, पण ते लांबलं नाही. घर लांब होतं आणि गुंडीला धीर नव्हता. चौकात झाडाखाली एक बाक होता. मास्तरिणीनं खुर्ची त्याच्याशेजारी लावली, चाकांना अटकाव केला आणि बाकावर बसली. गुंडीनं खोका मांडीवर घेतला. कन्सोल बाहेर काढताना तिनं दोन्ही हात लावले. उशी घरी राहिली होती.

स्क्रीन उजळली. मास्तरीण स्क्रीनकडे पाहत नव्हती. ती मनगटांकडे पाहत होती. तिला कापडातला कमकुवत धागा लांबून दिसे, तशी तिला ती पाचव्याच मिनिटाला थरथरताना दिसली. दहाव्या मिनिटाला कन्सोल पुढं कलला. गुंडीनं तो सरळ केला. पुन्हा कलला. पुन्हा केला. ओठ घट्ट मिटून ती खेळत राहिली.

मास्तरीण सरकून पुढं आली आणि तिनं आपले दोन्ही तळहात लेकीच्या हातांखाली धरले, कन्सोलचं सगळं वजन त्यांच्यावर येईल असे.

गुंडी थांबली. नको म्हणेल असं वाटलं. तिची बोटं बटणांवर तशीच होती, मनगटं मात्र हळूहळू सैल पडली आणि आईच्या हातांवर टेकली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तू हललीस की घोडा बिचकतो."

"नाही हलत."

आता मास्तरिणीनं स्क्रीनकडे पाहिलं. रुंद, पांढरट वाळूचं पात्र, दोन्ही काठांना वाळकं गवत, आणि त्यातून एक मुलगी घोड्यावर. इतकं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं. सहा वर्षं तिनं हे फक्त मागून, लेकीच्या चेहऱ्यावरच्या उजेडात पाहिलं होतं.

"कुठवर जायचं असतं हे?" तिनं विचारलं.

"वर. नदी निघते तिथवर."

"लांब आहे?"

"साठ तास."

मास्तरिणीचे दंड भरून आले होते. हात न हलवता तिनं आपली कोपरं खुर्चीच्या दांड्यावर टेकवली, पाय नीट रोवले, आणि लांबच्या कामाला बसावं तशी बसली. घोडा काठाकाठानं चालू लागला.