रांगेतला शेवटचा

त्या ख्रिस्ती मंडळीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता, आणि तो नकोच असं सगळ्यांचं म्हणणं होतं. प्रभूवर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण देवाचा याजक, म्हणजे पुरोहितच. मग पगारी याजक हवा कशाला? म्हणून तिथे पाळी असे. पाळीवाल्याने पुढे उभं राहायचं. बाकीच्यांनी एकेक करून गुडघे टेकायचे, आपलं पाप हळूच त्याच्या कानावर घालायचं, आणि त्याने डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "देवाने तुला क्षमा केली आहे." रांग संपली की त्याने स्वतः रांगेतल्या शेवटच्या माणसापुढे गुडघे टेकायचे. कारण याजकालाही याजक लागतो.

आज पाळी इस्त्रीवालीची होती, आणि उपासना सुरू होता होता दारातून क्रेनवाला आत आला.

तीन वर्षांपूर्वी हा दारू पिऊन क्रेनवर चढला होता आणि लोखंडाच्या तुळया अंगावर पडून तिचा धाकटा भाऊ गेला होता. तुरुंगात त्याला देव सापडला म्हणे. परवा सुटला आणि आज थेट इथे!

पाळ्यांची यादी ठेवणारे म्हातारे घड्याळजी लगबगीने तिच्यापाशी आले.

"पोरी, आजची पाळी मी घेतो."

"का? मला काय धाड भरलीय?"

"उगाच हट्ट नको करूस."

"मला जमणार नाही असं मी दोन वर्षं सांगत होते, काका. तूही याजकच आहेस, असं तुम्हीच म्हणालात ना? मग मी फक्त सोप्या दिवसांची याजक का?"

घड्याळजी रांगेत जाऊन उभे राहिले. यादी करायची हौस त्यांची, पण निस्तरायचं दुसऱ्याने, ही त्यांची जुनी खोड.

रांग सरकू लागली. क्रेनवाला मध्येच कुठेतरी होता. पण बिचारा नवखा! सगळ्यांच्या मागे राहणं हीच नम्रता, असं त्याला वाटलं असावं. त्याने मागच्या शिंपीणबाईंना हाताने पुढे जाण्याची खूण केली. मग सुताराला. रांगेत बोलायचं नसतं, त्यामुळे त्याला सांगणार कोण? तो काय ओढवून घेतोय हे साऱ्या खोलीला दिसत होतं आणि साऱ्यांच्या तोंडाला कुलूप. शेवटी घड्याळजी मुद्दाम त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, तर त्याने वाकून त्यांनाही वाट करून दिली. दोघांची तिथे थोडी ढकलाढकलीही झाली. म्हातारा हरला.

इस्त्रीवाली प्रत्येक डोक्यावर हात ठेवत होती, पण नजर त्याच्यावर होती. चार जण उरले. मग दोन. मग तो एकटाच.

त्याने गुडघे टेकले. "ताई, माझं पाप तुम्हाला ठाऊकच आहे."

तिचा हात उचलेना. भावाचं अंग पुसलं होतं ते याच हाताने. अखेर तिने हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दात आवळून म्हणाली, "देवाने तुला क्षमा केली आहे." मग जरा मोठ्याने, "मी केलेली नाही."

त्याने मान हलवली, उठला आणि दाराकडे वळला.

"थांब," ती म्हणाली. "तू शेवटचा आहेस. आता मला गुडघे टेकायचेत."

त्याला आधी कळेना. कळलं तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घड्याळजी धावत पुढे आले, पण ती खाली बसलीही होती.

"तू तुरुंगातच मरावास म्हणून मी रोज देवापाशी मागायचे," ती म्हणाली. "कपड्यांवर इस्त्री फिरवता फिरवता. नाव घेऊन. एक दिवस चुकवला नाही."

"ताई, मी कसा हात ठेवू? मला काय अधिकार?"

"मला तरी कुठे होता? म्हण."

मग तिच्या केसांवर एक जड हात टेकला. क्रेनवाल्याला रडू आवरत नव्हतं. पाचच शब्द, पण ते त्याला तीनदा पहिल्यापासून म्हणावे लागले.

ते म्हणून झाल्यावर तो हात मागे घेऊ लागला.

"एवढ्यात काढू नकोस," इस्त्रीवाली म्हणाली.